मन लोखंडाचं

संसारात राहून माणसाला निर्लेप राहता येतं का? माझे वडील, अण्णा, खेड तालुक्यात गावोगावी कीर्तन करत. अण्णांच्या पूर्वरंगात गीतेच्या पाचव्या अध्यायातला कमळाच्या पानाचा दृष्टान्त हमखास यायचा. पान पाण्यातच वाढतं, पण त्याला पाणी लागत नाही. तसा आसक्ती सोडून, कर्म ब्रह्माला वाहून वागणारा माणूस पापाने लिप्त होत नाही. श्रोते माना डोलवायचे. मी पुढच्या रांगेत बसून ऐकायची आणि मला त्या पानाचा हेवा वाटायचा. कमळाचं पान उपजतच तसं असतं. त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि मेणाचे कण असतात, त्यामुळे थेंब टेकत नाही, घरंगळून जातो. ज्याला असं मेण जन्मतः मिळालेलं नाही, ज्याला पैशाचा, मानाचा, रागाचा प्रत्येक थेंब भिजवून जातो, त्याने काय करायचं? अण्णांना विचारलं की ते म्हणायचे, "अभ्यासानं होतं, बाळ." अभ्यासानं नेमकं काय होतं, हे मला पुढे धातूंनी दाखवलं.

मी धातुशास्त्र शिकले आणि नोकरीची वर्षं लोटे-परशुराम पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत, तपासणी विभागात काढली. टाक्या, पाइपलाइनी, रिॲक्टर यांची जाडी मोजायची, नोंदी ठेवायच्या, आणि ही टाकी आणखी किती चालेल या प्रश्नाच्या उत्तराखाली सही करायची, हे माझं काम. कामावर नवी पोरं आली की मी त्यांना टँक फार्ममध्ये नेऊन विचारत असे: समोर ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडची टाकी आहे, ती कशाची असेल? कुणी काचेचं अस्तर म्हणे, कुणी रबर, कुणी स्टेनलेस स्टील. ती असते साध्या माइल्ड स्टीलची, आमच्या भाषेत एम.एस.ची. शेडचे खांब ज्याचे, छपराखालचे अँगल ज्याचे, तेच लोखंड. मात्र हेच ॲसिड पातळ होऊन वीस-तीस टक्क्यांवर आलं, तर तीच टाकी ते भराभर खाऊन टाकतं. तीव्र ॲसिड लोखंडाला सोडतं आणि पातळ ॲसिड खातं, यावर पोरांचा पटकन विश्वास बसत नसे.

खरं तर तीव्र ॲसिडही लोखंडाला सोडत नाही. पहिला घास ते घेतंच. थोडं लोखंड विरघळतं, हायड्रोजन सुटतो आणि लोखंडाचं सल्फेट तयार होतं. पण तीव्र ॲसिडमध्ये हे सल्फेट फारसं विरघळत नाही. ते तिथल्या तिथे भिंतीला धरून राहतं, त्याचा थर बनतो, आणि मागून येणाऱ्या ॲसिडला त्या थरातून लोखंडापर्यंत पोचणं अवघड होतं. झीज पूर्ण थांबत नाही. वर्षाला मिलिमीटरच्या काही दशांशांवर येते. टाकी बांधतानाच त्या झिजेसाठी जास्तीची जाडी ठेवलेली असते. पातळ ॲसिडमध्ये पाणी भरपूर, त्यात सल्फेट विरघळून जातं आणि थर धरतच नाही. शिसंही असंच. बर्मिंगहॅममध्ये जॉन रोबक यांनी १७४६ साली सल्फ्युरिक ॲसिड बनवायला शिशाच्या खोल्या वापरल्या, त्या टिकल्या शिशाच्या सल्फेटमुळे.

टाकीला वाचवतं ते तिच्याच अंगातून निघालेलं लोखंड, आणि ते निघतं ॲसिडच्या पहिल्या चाव्याने. हे उमगलं तेव्हा अण्णांच्या 'अभ्यासा'चा अर्थ मला लागू लागला. कमळाच्या पानाला स्पर्श होत नाही. टाकीला स्पर्श होतो, इजा होते, आणि त्या इजेतूनच तिचं संरक्षण घडतं. तुमची-माझी निर्लेपता या दुसऱ्या जातीची आहे. ज्याचा कधी अपमानच झाला नाही, त्याची शांती अजून कसाला लागलेली नाही. ज्याला अपमान लागला, त्यात ज्याचं काही गेलं, आणि जे गेलं त्यातूनच ज्याने समज धरली, त्याच्या आत दुसरा अपमान तेवढा खोल शिरत नाही.

धातूच्या या वागण्याने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना विचारात पाडलं होतं. जेम्स कीर यांनी १७९० मध्येच नोंदवलं होतं की लोखंड तीव्र नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवलं तर ते बदलल्यासारखं वागतं. १८३६ मध्ये बासेलच्या ख्रिस्टियान शोनबाइन यांनी याविषयी मायकल फॅरेडे यांना पत्र लिहिलं आणि दोघांनीही प्रयोग केले. लोखंडाची तार पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये टाकली की तपकिरी वाफा सोडत ती विरघळू लागते. तीच तार आधी तीव्र ॲसिडमध्ये बुडवून काढली आणि मग पातळ ॲसिडमध्ये ठेवली, तर काहीच होत नाही. ती स्वस्थ पडून राहते. पण तिला एक ओरखडा काढा, टोचा, ठोका, की झोपलेलं ॲसिड एकदम जागं होतं आणि तार फसफसून जाऊ लागते. तारेवर काहीच दिसत नव्हतं. तरीही फॅरेडे यांनी अंदाज बांधला की पृष्ठभागाचं ऑक्सिडेशन झालं असावं, किंवा तिथल्या कणांचा ऑक्सिजनशी तशाच तोडीचा काही संबंध जुळला असावा. डोळ्याला न दिसणारा थर त्यांनी विचाराने पाहिला. हेच फॅरेडे सँडेमनियन नावाच्या छोट्या ख्रिस्ती पंथाचे निष्ठावान अनुयायी होते. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्यांनी नाकारलं. कीर्तीच्या मध्यभागी राहून तिला फार आत येऊ न देणारा हा माणूस मला या प्रयोगाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता सोन्याचा विचार करू. आपल्याकडे शुद्धतेचा विषय निघाला की सोनं पुढे येतं, आणि ते योग्यच आहे. एकट्या नायट्रिक ॲसिडने सोन्याला काही होत नाही, एकट्या हायड्रोक्लोरिकनेही नाही. त्याला थराची गरज नाही. त्याचा स्वभावच विरघळायचा नाही. बेल्जियमचे मार्सेल पूर्बे यांनी धातूंचे नकाशे काढले. द्रावणाची आम्लता आणि विद्युतविभव यांवरून कोणता धातू कुठे कसा वागेल, हे त्यांत दिसतं. त्या नकाशांत तीन प्रदेश असतात. एकात धातू गंजतो. दुसऱ्यात तो स्वभावतःच अबाधित असतो. तिसऱ्यात तो स्वतःच्या थराआड सुरक्षित असतो. गंजण्यापासून वाचण्याचे हे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि मला वाटतं, आपल्या अध्यात्मात त्यांची वारंवार गल्लत होते.

वेदान्त सांगतो की आत्मा असंग आहे, त्याला काहीच लागत नाही. ती सोन्याची भाषा आहे. मी तिच्याशी वाद घालत नाही. माझी तेवढी योग्यता नाही आणि माझा तो अनुभवही नाही. पण ज्याला राग येतो, ज्याला शेजाऱ्याची गाडी पाहून काहीतरी होतं, ज्याला बढती हुकल्यावर झोप लागत नाही, ते मन आहे, आणि मन लोखंडाचं आहे. आत्म्याविषयी जे सांगितलं ते मनाला लावलं की घोटाळा होतो. 'मला काही लागत नाही, मी या सगळ्याच्या पलीकडे आहे' असं म्हणणारी माणसं मी सत्संगातही पाहिली आणि मॅनेजरच्या खुर्चीतही पाहिली. लोखंडाने स्वतःला सोनं समजलं की पहिलं काय होतं, तर तपासणी बंद होते.

आणि सोन्यालाही मर्यादा आहे. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ही दोन ॲसिडं एकत्र आली की अम्लराज होतं, आणि त्यात सोनं विरघळतं. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा जॉर्ज डी हेवेसी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रँक यांची नोबेल पदकं अशीच विरघळवून बाटलीत ठेवली. युद्धानंतर ते सोनं परत मिळवलं आणि त्याची पुन्हा पदकं घडवली गेली. विरघळूनही सोनं नष्ट झालं नाही, हे आत्म्याचं रूपक म्हणून कुणी वापरलं तर मला आवडेल. पण लोखंडाच्या टाकीला त्या रूपकाचा आधार घेऊन चालत नाही. तिला आपला थर रोज सांभाळावा लागतो.

हा थर म्हणजे निबर कातडी का? पुष्कळ लोक वैराग्य आणि कोडगेपणा यांत फरक करत नाहीत. कुणाच्या दुःखाने हलत नाही तो विरक्त, असं समजतात. इथे धातूचं म्हणणं अगदी स्पष्ट आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा जो थर पोलादाला वाचवतो, तो दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-तीन. त्यातून खालचा धातू जसाच्या तसा चमकताना दिसतो. उलट लोखंडाचा तांबडा गंज जाड असतो, फुगलेला असतो, हाताला खपल्या लागतात, आणि तो काहीही वाचवत नाही. त्याच्या फटींतून पाणी आणि हवा आत जातच राहतात. जाड झालं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. कोडगेपणा हा गंज आहे. खरं वैराग्य इतकं पातळ असतं की त्या माणसाचा जिव्हाळा, हसणं, डोळ्यांतलं पाणी, सगळं त्यातून दिसतं.

हा थर धरायला जोर लागतो आणि टिकवायला सातत्य. मोठ्या टाक्यांना आणि ॲसिडच्या कूलरांना विजेने संरक्षण देण्याची एक पद्धत आहे. धातूला मुद्दाम ऑक्सिडेशनच्या दिशेने ढकलायचं, म्हणजे थर लवकर आणि घट्ट धरतो. सुरुवातीला भरपूर प्रवाह लागतो. थर धरल्यावर अगदी थोडा पुरतो. पण तो थोडासुद्धा कायमचा काढून घेतला, तर काही काळाने थर मोडतो. वारकऱ्यांचा नित्यनेम, पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी यांकडे मी या नजरेने पाहते. नेम थोडका असला तरी चालतो. तो शून्यावर येऊ द्यायचा नाही.

एकनाथ महाराजांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गोदावरीत स्नान करून येताना एक जण त्यांच्या अंगावर थुंकायचा आणि महाराज न रागावता पुन्हा स्नानाला जायचे, असं सांगतात. कीर्तनात ही कथा शांतीचं उदाहरण म्हणून येते. मला तिच्यातलं ते परत परत नदीवर जाणं मोठं वाटतं. थुंकी मला लागतच नाही, असं महाराज म्हणाले नाहीत. लागली, म्हणून ते पुन्हा गेले. दर वेळी मोडलेला थर दर वेळी नव्याने धरला. प्रपंच करत, पैठणात राहून. सावता माळी मळ्यात राहिले, गोरा कुंभार चाकावर राहिले. वारकरी संतांनी ॲसिडपासून दूर पळायला सांगितलं नाही, हे आपलं भाग्य आहे.

थर कशाने मोडतो, हे मात्र ओळखायला हवं. ॲसिडचा वेग वाढला की मऊ सल्फेट धुपून जातं. म्हणून साध्या लोखंडी पाइपातून तीव्र ॲसिड साधारण सेकंदाला एक मीटरच्या आतच वाहू देतात. घाई समजूत धुऊन नेते, याचा अनुभव सगळ्यांनाच आहे. दुसरा शत्रू ओल. तीव्र ॲसिड हवेतलं बाष्प ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात टाकीच्या श्वासनळीवरचा बाष्प शोषणारा माल बदलायला कुणी विसरलं, तर वरच्या भागात भिंतीवर राहिलेलं ॲसिड पातळ होतं आणि पोखरणं सुरू होतं. मोठ्या मोहाला आपण कंबर कसून उभे राहतो. खातं ते पातळ झालेलं, रोजचं, 'एवढ्याने काय होतंय' म्हणून चालवून घेतलेलं. तिसरा शत्रू सगळ्यात क्षुल्लक दिसणारा. ॲसिडमधून सुटणारे हायड्रोजनचे बुडबुडे मॅनहोलच्या गळ्यात वरच्या बाजूने एकाच वाटेने सरकत राहतात आणि तिथला थर खरवडत जातात. काही काळाने तिथे बोटाने चाचपता येतील अशा चरी पडतात. बुडबुड्यात ताकद ती काय असणार? पण तो रोज त्याच जागेवरून जातो.

स्टेनलेस स्टीलचं दुखणं आणखी वेगळं. त्याच्यावर ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने थर आपोआप भरून येतो. पण गॅस्केटखालच्या फटीत, साचलेल्या गाळाखाली ऑक्सिजन पोचत नाही, आणि क्लोराइड असलं की तिथेच खोल खड्डा पडतो. वरून पत्रा आरशासारखा. माणसाचंही जे उघड्यावर असतं, कुणाशी तरी बोललं जातं, ते बहुधा भरून येतं. झाकून ठेवलेला कोपरा पोखरला जातो.

या सगळ्याहून मला जास्त शिकवलं ते रिकाम्या टाकीने. ॲसिड काढून टाकलं की टाकी सुटली, असं वाटतं. प्रत्यक्षात रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्यात असते. भिंतीवर आणि तळाच्या गाळात राहिलेलं ॲसिड ओल ओढून पातळ होतं आणि भरलेल्या टाकीत कधी झाली नसेल इतकी झीज त्या काळात होते. म्हणून रिकामी करायची तर पूर्ण करायची: गाळ काढायचा, उरलेलं ॲसिड सोडा ॲशने मारायचं, टाकी धुवायची, सुकवायची. अर्धवट रिकामी करून सोडून द्यायची नाही. मी निवृत्त झाले तेव्हा हे मला रोज आठवायचं. नोकरी सुटते, खुर्ची जाते, पण मानाची चटक तळाशी राहिलेली असते, आणि रिकाम्या दिवसांत ती आपल्याला कामाच्या दिवसांपेक्षा जास्त खाते. घर सोडून आश्रमात गेलेल्यांचीही तीच गत होऊ शकते. त्याग करायचा तर तळापर्यंत करावा. नाहीतर कामात भरलेलं राहावं.

आपला थर शाबूत आहे की नाही, हे ठरवायचं कुणी? टाकी स्वतःची जाडी मोजू शकत नाही. मी बाहेरून, रंग खरवडून, भिंतीला प्रोब टेकवत असे. ध्वनिलहरी आतल्या बाजूपर्यंत जाऊन परत येतात आणि आकडा दिसतो. मोजणारा बाहेरचा असावा लागतो आणि त्याला थोडा रंग खरवडू द्यावा लागतो. संतांनी निंदकाला जवळ ठेवायला सांगितलं, त्यामागे हेच शहाणपण आहे. माझ्याबाबतीत माझी मुलगी हे काम करते आणि ती आकडा फुगवून सांगत नाही.

मोजणी टाळली की काय होतं, याचा दाखला अमेरिकेतल्या डेलावेअर सिटीचा आहे. तिथल्या रिफायनरीत मुळात ताज्या ॲसिडसाठी बांधलेल्या टाकीत वापरलेलं ॲसिड साठवत होते. टाकीला भोकं पडली, ठिगळं लावली गेली, तपासणी पुढे ढकलली गेली. १७ जुलै २००१ रोजी शेजारी दुरुस्तीचं काम चालू असताना ठिणगी पडून टाकीतल्या वाफा पेटल्या आणि टाकी फुटली. एक कामगार दगावला, आठ जखमी झाले, ॲसिड नदीत गेलं.

इथे एका प्रश्नाचं खरं वजन कळतं. टाकीने का टिकायचं? स्वतःसाठी नव्हे. तिच्या भिंतीबाहेर माणसं काम करतात, पलीकडे नाला आहे, शेतं आहेत. तिने आतलं ॲसिड आत ठेवलं तर बाहेरच्यांना त्याचा चटका बसत नाही. निर्लेपता ही स्वतःला सुखात ठेवण्याची युक्ती असती तर तिच्यासाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नव्हता. वडिलांचा राग मुलांपर्यंत, साहेबाचा अपमान शिपायापर्यंत, सासूचं जुनं दुःख सुनेपर्यंत पोचू नये, यासाठी मधल्या कुणाचा तरी थर शाबूत असावा लागतो.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. आपण कमळाचं पान आहोत किंवा सोनं आहोत, ही समजूत सोडून द्या. आपण लोखंड आहोत, झिजणार आहोत, आणि त्यात काहीच कमीपणा नाही. रोजचा थोडा नेम ठेवा, झाकलेले कोपरे उघडे करा, आणि आपली जाडी खरी सांगेल असं एक तरी माणूस घरात राहू द्या.